खात्री चौऱ्याण्णव टक्के

मंगळवारी साडेअकराच्या सुमाराला मला कळलं की माझा नवरा माझा बाप लागतो. सख्खा नव्हे, धर्मबाप, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी लेकराला हातात धरून उभा राहतो तो. पण बाप तो बापच. आणि हे सांगितलं कुणी, तर आमच्या पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या, कचेरीत खिडकीजवळच्या टेबलावर ठेवलेल्या काँप्युटरनं. पडद्यावर डावीकडच्या चौकोनात मी, रोझा रत्नमाला, जन्म एकोणीसशे चोपन्न. उजवीकडच्या चौकोनात हे, चर्चमधलं नाव योसेफ, घरचं कारभारी, जन्म चव्वेचाळीस. मधे एक तांबडी रेघ. ती लग्नाची, ती मला पाठ आहे, पुढच्या महिन्यात तिला पन्नास वर्षं होतील, हॉलसुद्धा ठरलाय. पण तिच्या खाली आणखी एक रेघ होती, हिरवी. हिरवी म्हणजे धर्मबापाची. वर पिवळ्या पट्टीत लिहिलेलं, 'एकाच व्यक्तीशी दोन नाती. खात्री चौऱ्याण्णव टक्के. कृपया तपासा.' खाली नेहमीची तीन बटणं, बरोबर, चूक, वाचता येत नाही. मी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. रेघ होती तिथंच होती.

हे तपासायचं काम मी जूनपासून करते. आमच्या चर्चची सव्वाशे वर्षांची रजिस्टरं आहेत, बाप्तिस्म्याची, लग्नांची, मयतांची, आणि कॅनडात नाहीतर गोव्यात गेलेल्यांच्या नातवंडांना आता आपला पणजा कोण ते हवं असतं. पणजा हयात होता तोवर कुणी पाणी विचारलं नसेल, ते सोडा. तर पानांचे फोटो काढले, ते एआयला दिले, एआय ती वाचतं आणि माणसाला माणूस जोडत घराण्याचं झाड काढतं. पण त्याच्यावर नजर ठेवायला कुणीतरी हवं, म्हणून फादर अभयनी रविवारची मिस्सा, म्हणजे उपासना, संपल्यावर विचारलं आणि मी हात वर केला. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत काढलेल्या बाईला कुठल्याच अक्षराची भीती वाटत नाही. जुने फादर परदेशातून आलेले, त्यांचं लॅटिन म्हणजे शाईत बुडालेली मुंगी कागदावरून चालत गेल्यासारखं, तरी महिन्याभरात मला लागायला लागलं. एआयलाही लागतं, माझ्यापेक्षा लवकर लागतं, मात्र ते वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या पोरासारखं आहे, हुशार आणि घाईचं. पहिल्या आठवड्यात त्यानं धर्मशिक्षण देणाऱ्या एका मास्तरांना तीनशे अकरा लेकरांचा बाप करून टाकलं, कारण गावात प्रार्थना पाठ असलेला माणूस तोच, म्हणून दरवेळी धर्मबाप तोच. आपल्या शहराच्या जुन्या आणि नव्या नावांना त्यानं दोन वेगळी शहरं धरलं, त्यामुळं अर्धी पॅरिश एका शहरात जन्मली आणि घर न सोडता दुसऱ्या शहरात वारली. मी एकेक दुरुस्त केलं. साडेतीन हजार ओळी झाल्या माझ्या हातून, आणि त्यातल्या एकीलाही मी खोटं बटण दाबलेलं नाही. हे मी कुणाला सांगत नाही, पण मला त्याचा माज आहे.

म्हणून मी आधी ओळ मोठी करून पाहिली. मुंगी स्पष्ट चालली होती. मार्च चोपन्न, रोझा, आवडाबाईची मुलगी, आणि धर्मबापाच्या रकान्यात 'योसेफुस, प्युएर', पुढं वडलांचं नाव अप्पाराव. प्युएर म्हणजे पोरगा. योसेफ नावाचे छप्पन्न निघतील, पण करमाडच्या पलीकडच्या आमच्या त्या एवढ्याशा वस्तीत अप्पारावांचा योसेफ एकच होता आणि तो सकाळी घरी माझ्याकडं दुसऱ्यांदा चहा मागत होता. समासात फादरनं बारीक अक्षरात आणखी काही लिहिलं होतं, एआयनं त्याचं मराठी करून दिलं, 'विश्वासाची प्रार्थना नीट म्हटली.' आणि मला आईचं बोलणं आठवलं. आई नेहमी म्हणायची, तुझ्या बाप्तिस्म्याच्या दिवशी गावात चिटपाखरू नव्हतं, बाजारचा दिवस, सगळे करमाडला, आणि फादर मोटरसायकलवर दत्त म्हणून हजर. परत यायचे ते एकदम पावसाळा सरल्यावर, आणि तू तर जगतेस का मरतेस अशी. मग धर्मबाप कोण झालं, असं मी एकदा विचारलं होतं. आई म्हणाली, झालं कुणीतरी, आणि भाकरी उलटवली. ती भाकरी मला आता फार घाईनं उलटवल्यासारखी वाटायला लागली. पलीकडच्या टेबलावरून मोनिकानं, ती कचेरीचं सगळं लिहिणंपुसणं बघते, विचारलं, "टीचर, अडकलं का?" मी म्हटलं, नाही, डोळे दुखतायत. माझं बोट 'चूक' या बटणावर होतं. एक दाबायचं की हिरवी रेघ गायब, कॅनडातल्या कुणाचं काही अडणार नव्हतं. मी पडदा बंद करून उठले. डोळे दुखतायत हे मात्र खोटं बोलून झालं होतं.

क्रांती चौकापर्यंत शेअर रिक्षा मिळाली, तीत आम्ही पाच जणी आणि एक कूलर. रिक्षावाला म्हणाला, "अम्मा, जरा सरको," मी सरकले, आणि सरकता सरकता बाप या शब्दापाशी येऊन अडकले. पन्नास वर्षं या माणसानं मला दर रविवारी सकाळी उठवलंय. मिस्सा चुकली का, रोझरी म्हटलीस का, हे विचारल्याशिवाय यांना जेवण जात नाही. मला वाटायचं नवरेपणाचा तोरा आहे. आता कळलं की माणूस ड्यूटीवर होता. धर्मबाप वेदीपुढं शब्द देतो, या लेकराच्या विश्वासाची काळजी घेईन म्हणून, आणि यांनी तो दहाव्या वर्षी दिला आणि एसटीच्या वर्कशॉपात हजेरी लावावी तसा रोज पाळला. चौकात सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा मला मधेच हसू आलं, कूलर धरून बसलेल्या बाईनं माझ्याकडं पाहिलं. मग हसू गेलं. बापाशी लग्न. पाप असलंच तर केवढं, आणि आता एकाहत्तराव्या वर्षी ते फेडायचं कुठं. सिग्नल सुटला तरी मी तोच हिशेब करत होते.

घरी हे दारातल्या खुर्चीवर लसूण सोलत बसले होते. एक्याऐंशी वय, पाठ अजून ताठ, कान गेलेले. कानाचं यंत्र आहे, पण ते वेलदोड्याच्या डबीत असतं, कारण ते घातलं की कुकरची शिटी यांना न्यायाच्या दिवसाच्या तुतारीसारखी वाटते. मी समोर उभं राहून विचारलं, माझ्या बाप्तिस्म्याला धर्मबाप कोण होतं. लसूण सोलला जात राहिला. मी आत गेले, डबी आणली, यंत्र यांच्या कानात घातलं, वेलदोड्याचं एक टरफल काढून टाकलं आणि तोच प्रश्न परत विचारला. यांनी आणखी तीन पाकळ्या सोलल्या.

"व्हय," म्हणाले, "मीच."

"तुम्हाला कधीपासून ठाऊक?"

"चोपन्न सालापासून."

मी उंबऱ्यावरच बसले आणि सगळं बाहेर यायला लागलं, सावकाश, लसणाच्या पाकळीबरोबर एकेक वाक्य. हे बोर्डिंगातून घरी आलेले, गालगुंडं झाली म्हणून. फादर आले तर गावात दोन म्हाताऱ्या आणि हे. धर्मबाप व्हायला विश्वासाची प्रार्थना, म्हणजे ते 'मी मानतो', तोंडपाठ पाहिजे, अशी फादरची अट. एक म्हातारी दुसऱ्या ओळीला अडली, दुसरी पहिल्याच ओळीला रडायला लागली, आणि यांनी गळ्याला फडकं बांधलेल्या अवस्थेत सगळी प्रार्थना एका दमात म्हणून दाखवली. एका दमात ते खरंच असणार. हे अजूनही जेवणाआधीची प्रार्थना श्वास न घेता म्हणतात, पाहुणे हात जोडेपर्यंत आमचं आमेन झालेलं असतं. "फादरनं तुला इचारलं, बाप्तिस्मा पाहिजे का. तू एवढीशी. लेकराच्या वतीनं धर्मबापानं बोलायचं असतं. मी म्हटलं, पाहिजे." मी म्हटलं, आणि लग्नाच्या आधी फादरनं दोघांना वेगवेगळं बसवून विचारलं होतं की तुमच्यात रक्ताचं, सोयरिकीचं, बाप्तिस्म्याचं काही नातं आहे का, तेव्हा?

"नाय म्हटलं."

"खोटं बोललात."

"लई नाय. एकच शब्द."

"का पण?"

यांनी सोललेला लसूण वाटीत टाकला, साली गोळा केल्या. "बिशपला अर्ज जायचा हुता. सहा महिने लागले असते. तोवर तुझ्या आईनं त्या जालन्याच्या कंपाउंडरला हो म्हटलं असतं. मनगटी घड्याळ हुतं त्याला."

जालन्याचा कंपाउंडर. त्याचं स्थळ आलं होतं हे मला अंधुक आठवत होतं, घड्याळ तर आठवतही नव्हतं, आणि या माणसानं ते घड्याळ पन्नास वर्षं मनात चालू ठेवलं होतं. एखादी दुसरी बाई इथं विरघळली असती. हा माणूस आयुष्यात दुसरं खोटं बोललेला नाही, रेशनच्या रांगेत कुणी चुकून पुढं घेतलं तर परत मागं जाऊन उभा राहतो, आणि त्याचं एकमेव खोटं माझ्यासाठी होतं, हे मला कळत होतं. पण मला आला राग. दहा वर्षांचे असताना माझ्या वतीनं हो म्हणून मोकळे. एकतीसचे झाल्यावर माझ्या वतीनं नाही म्हणून मोकळे. पंचाहत्तर साली वेदीपुढं फादरनं मला विचारलं होतं, नाही असं नाही, पण आई मागं उभी होती, आणि माझं 'हो' तिनं कमरेला काढलेल्या चिमट्यानं आलं होतं. यांनी तर मला कधी काही विचारलंच नाही. माझ्या आयुष्यातलं सगळं होय-नाही दुसऱ्यांनीच परस्पर उरकून टाकलं, आणि मी आपली चौतीस वर्षं पोरांना शिकवत बसले की आपलं उत्तर आपण लिहावं, शेजाऱ्याचं बघू नये. त्या दिवशी भाजीला लसूण मी घातलाच नाही.

बुधवारी सकाळी मी कचेरीत गेले, पडदा उघडला, फादर अभयना बोलावून घेतलं आणि त्यांच्यासमोर 'बरोबर' दाबलं. पिवळी पट्टी गेली. दोन्ही रेघा कायम झाल्या. फादर वाचून हसायला लागले. पस्तिशीचा माणूस, मोकळं हसतो. मग हसता हसता ते थांबले, कपाटातलं एक जाड पुस्तक काढलं, खुर्चीत बसले. म्हणाले, धर्मबापाशी लग्न परवानगीशिवाय होत नाही असा तेव्हा कायदा होता. त्र्याऐंशी साली तो काढून टाकला. मी म्हटलं, मग झालं तर. ते म्हणाले, पण टीचर, तुमचं लग्न पंचाहत्तरचं. मग त्यांनी बिशपांच्या कार्यालयात फोन लावला, 'हो फादर, जी फादर, नाही फादर, दोघंही हयात आहेत' असं बरंच बोलले आणि फोन ठेवून म्हणाले, सोपं आहे. शनिवारी सकाळी वेदीमागच्या खोलीत या, दोन साक्षीदार घेऊ, दोघांनी नव्यानं संमती द्यायची, पाच मिनिटांचं काम. पुढच्या महिन्यातला सोहळा मग निर्धास्त.

"म्हणजे आज माझं लग्न झालेलं नाही," मी म्हटलं.

"झालंय हो. म्हणजे, कागदाच्या दृष्टीनं जरा..."

"आणि शनिवारी मी हो म्हटलंच पाहिजे का?"

मोनिकानं टाइप करणं थांबवलं. फादरनी पाण्याची बाटली उघडली, दोन घोट घेतले. "नियम म्हणाल तर मनापासून असेल तरच हो म्हणायचं. जबरदस्तीची संमती चालत नाही." आणि थोड्या वेळानं, "पण टीचर, हॉल ठरलाय."

बुधवार, गुरुवार, शुक्रवार असे तीन दिवस मी कुणाचीच नव्हते. घरात एक एक्याऐंशी वर्षांचे गृहस्थ होते, त्यांना मी चहा देत होते, त्यांचा माझा संबंध म्हणाल तर ते माझे धर्मबाप. पुण्याहून मुलीचा, राजनंदिनीचा, फोन आला, आई साडी कुठल्या रंगाची घेऊ. मी म्हटलं थांब जरा, अजून माझं ठरायचंय. तिला वाटलं रंगाचं. मी भांडी घासताना नाही म्हणून बघितलं, हळूच, नुसतं तोंडातल्या तोंडात, कसं वाटतं ते. बरं वाटलं. गुरुवारी दुपारी मी एकटी क्रांती चौकात गेले, काही घ्यायचं नव्हतं, एका दुकानाच्या काचेत स्वतःला बघत उभी राहिले आणि जालन्याच्या कंपाउंडरची बायको म्हणून कशी दिसले असते ते बघायचा प्रयत्न केला. घड्याळाशिवाय त्या माणसाचं काहीच डोळ्यापुढं येईना. काचेत मी, मागं ट्रॅफिक, आणि माझ्या डोक्यात कुठलीही परवानगी न घेता सोयगावची शाळा शिरली. तिथं माझी दोन वर्षं बदली होती, ऐंशीच्या आसपास. हे दर शनिवारी वर्कशॉपातली रात्रपाळी संपवून एसटीनं यायचे आणि शेवटची घंटा होईपर्यंत फाटकाबाहेर उभे राहायचे. आत यायचे नाहीत. बाकीच्या बाया हसायच्या, रत्नमालाबाईंचे मालक पहाऱ्याला आले म्हणायच्या, आणि मी शरमेनं लाल. मला वाटायचं संशय घेतात. सोयगावात आमचं चर्च नव्हतं. रविवारी सकाळी हे मला शाळेच्या ओसरीवर बसवून अख्खी प्रार्थना म्हणायचे, श्वास न घेता, आणि संपली की विचारायचे, "आता मिस्सा चुकली नाय ना?" मी म्हणायचे, नाही. मग दुपारच्या गाडीनं परत. चार-साडेचार तासांची गाडी, तेवढ्या एका 'नाही'साठी. काचेमागचा दुकानदार बाहेर येऊन म्हणाला, "क्या होना, अम्मा?" मला काय हवं होतं ते मलाच सांगता येईना. कुणीतरी मला विचारायला हवं होतं, एवढंच. मी त्याला म्हटलं, काही नाही बाबा, बघत होते.

शनिवारी हे पांढरा सदरा घालून माझ्याआधी तयार. रिक्षात आम्ही एकमेकांशी बोललो नाही, तसेही रिक्षात यांना काही ऐकू येत नाही. वेदीमागच्या खोलीत मेणबत्त्यांचा आणि फिनेलचा वास. साक्षीदार म्हणून मोनिका आणि घंटा वाजवणारा सोमनाथ, सोमनाथला काय चाललंय हे कुणी नीट सांगितलेलं नसावं, तो मयताला उभं राहावं तसा हात बांधून उभा होता. बाहेर फुलं लावणाऱ्या बायांची कुजबुज. फादर अभयनी पुस्तक उघडलं आणि यांना विचारलं, "योसेफ कारभारी, रोझा रत्नमाला यांना पत्नी म्हणून स्वीकारण्याची तुमची इच्छा आहे का?" हे फादरकडं बघून प्रसन्न हसले. फादरनी परत विचारलं, जरा मोठ्यानं. हे परत हसले. मी यांच्या कानाकडं पाहिलं, यंत्र होतं, दिवा मात्र विझलेला. सेल संपलेला. "हो म्हणतायत ते," मी म्हटलं.

"टीचर, इथं दुसऱ्याच्या वतीनं चालत नाही," फादर म्हणाले. "ते फक्त बाप्तिस्म्यात."

एवढ्यात यांना काहीतरी उमगलं. समोर फादर आहेत, पुस्तक उघडं आहे, आणि सगळे आपल्या तोंडाकडं बघतायत. यांनी पाठ ताठ केली, हात जोडले आणि म्हणायला सुरुवात केली, "मी मानतो..." अख्खी विश्वासाची प्रार्थना, एका दमात, कुठंही न अडता. फादरनी एकदा हात वर केला, पण वेगात सुटलेली गाडी कोण थांबवणार. मोनिकाचे खांदे हलत होते. सोमनाथनं शेवटी मोठ्यानं आमेन म्हटलं. आणि एक्याऐंशी वर्षांचे हे माझ्याकडं वळून बघायला लागले, बरोबर झालं का, असं, आणि मला गळ्याला फडकं बांधलेला, गाल सुजलेला, करमाडपलीकडचा तो प्युएर दिसला, ज्याच्या हातात मी होते आणि ज्याला मला पाडायचं नव्हतं. मला रडू आलं. राग होताच, तो गेला नव्हता, त्याच्याच शेजारी रडू आलं. मग मी पुढं झाले, यांच्या कानाशी तोंड नेलं आणि जे नाव पंचाहत्तर सालच्या लग्नाच्या दिवसानंतर मी कधी उच्चारलं नव्हतं ते घेतलं, इतक्या मोठ्यानं की बाहेरची कुजबुज बंद झाली.

"कारभारी, मी पाहिजे का?"

"पाहिजे," हे म्हणाले. जराही वेळ न घेता.

फादर सुटकेचा श्वास टाकून माझ्याकडं वळले, पुस्तकात बोट ठेवून. मी म्हटलं, थांबा फादर, मला तुम्ही नंतर विचारा, आधी यांना मला विचारू द्या. आणि यांना बोटानं खूण केली, आधी यांच्याकडं, मग माझ्याकडं. यांना कळायला थोडा वेळ लागला. कपाळावर आठी आली, ओठ हलले, शब्द निवडत असावेत, यांना पाठ नसलेलं काही बोलायची सवय नाही. मग खाली बघत, नेहमीपेक्षा बारीक आवाजात यांनी विचारलं, "अन् तुला?"

एकाहत्तर वर्षांत हा प्रश्न मला पहिल्यांदाच मिळाला होता, म्हणून मी उत्तराची घाई केली नाही. सोमनाथनं घड्याळ बघितलं. फादरनी पुस्तकातलं बोट बदललं. खिडकीबाहेर कुणाची तरी स्कूटर चालू व्हायला नकार देत होती, ती चालू होऊन जाईपर्यंत मी थांबले. मग यांच्या कानाशी वाकले आणि म्हटलं, "हो."

यांना ऐकू आलं नाही. मला दोनदा म्हणावं लागलं.